म्यूलेनबर्ग घराण्याचे दप्तर

घराण्याचे जुने कागद जपावेत हे सर्वांनाच मान्य असते. पण जपणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार क्वचितच होतो. पेटीत घालून कुलूप लावले म्हणजे कागद जपले गेले, अशी सामान्य समजूत आहे. ओल, वाळवी आणि आग यांपासून पेटी कागदाला काही काळ वाचवितेही. परंतु ज्या लिपीत तो लिहिला ती लिपी घरातून गेली, ज्या भाषेत लिहिला ती नातवंडांच्या तोंडून गेली आणि ज्याला लिहिला त्याचे नावही कोणास आठवेनासे झाले, म्हणजे कुलपात सुरक्षित असलेला कागदही मुका होतो. परमुलखात जाऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांना हा अनुभव फार लौकर येतो. अठराव्या शतकात अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया प्रांती स्थायिक झालेल्या म्यूलेनबर्ग या जर्मन घराण्याच्या कागदपत्रांची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. त्या हकीकतीचा एक धागा थेट तंजावरच्या मराठी दरबारापर्यंत येऊन पोचतो, हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य.

या घराण्याचे मूळ पुरुष हेन्री मेल्खिओर म्यूलेनबर्ग. हॅनोव्हर संस्थानातील आइनबेक या गावी ६ सप्टेंबर १७११ रोजी त्यांचा जन्म झाला. ग्योटिंगेनच्या नव्या विद्यापीठात धर्मशास्त्राचा अभ्यास केल्यावर त्यांनी काही काळ हाल्ले येथील अनाथाश्रमाच्या शाळेत शिक्षकाचे काम केले. आउगुस्ट हेर्मान फ्रांके या धर्मोपदेशकाने सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलेल्या या संस्थेचा व्याप विलक्षण होता. अनाथांचा सांभाळ, निरनिराळ्या शाळा, औषधालय, छापखाना आणि दूरदेशी धर्मोपदेशक पाठविणे, अशी तिची अनेक कामे एकाच आवारात चालत. म्यूलेनबर्ग यांना हिंदुस्थानात पाठवावे असाही विचार एकदा झाला होता. तो सिद्धीस गेला नाही. पुढे १७४१ साली, त्यांच्या तिसाव्या वाढदिवशी, संस्थापकांचे चिरंजीव गोटहिल्फ आउगुस्ट फ्रांके यांनी त्यांना पेन्सिल्व्हानियात जाण्याविषयी विचारले. तेथील लुथरपंथी जर्मनांच्या तीन मंडळ्यांना धर्मोपदेशक हवा होता. म्यूलेनबर्ग यांनी होकार दिला आणि नोव्हेंबर १७४२ मध्ये ते फिलाडेल्फियास पोचले.

१७४५ साली त्यांचा विवाह ॲना मारिया वायझर हिच्याशी झाला. तिचे वडील कॉनराड वायझर हे इंग्रजांची वसाहत आणि तेथील मूळच्या इरोक्वॉय जमाती यांच्यामधील नामांकित दुभाषे होते. या दांपत्यास अकरा अपत्ये झाली. १७४८ साली म्यूलेनबर्ग यांच्या पुढाकाराने तेथील लुथरपंथी मंडळ्यांची पहिली कायम संघटना उभी राहिली. तिला मिनिस्टेरियम म्हणत. फिलाडेल्फियापासून काही मैलांवरील ट्रॅप या गावी ७ ऑक्टोबर १७८७ रोजी त्यांचे निधन झाले. तेथे त्यांच्या काळी बांधलेले दगडी प्रार्थनामंदिर अद्याप उभे आहे.

या गृहस्थांना लिहिण्याची सवय होती, आणि ती केवळ हौसेखातर नव्हती. हाल्लेच्या संस्थेने पाठविलेल्या माणसाने आपल्या कामाचा वृत्तान्त वेळोवेळी कळवावा, अशी शिस्तच होती. म्यूलेनबर्ग यांनी पंचेचाळीस वर्षे रोजनिशी ठेवली. कोणत्या घरी बाप्तिस्मा झाला, कोणाला पुरले, कोणत्या मंडळीत कशावरून भांडण उपस्थित झाले, नदीला पूर आल्याने कोठे अडकून पडावे लागले, धान्याचा भाव काय होता, या सर्वांची तीत नोंद आहे. जर्मन वाक्यात मध्येच लॅटिन शब्द येतो आणि पुढे अमेरिकेतील व्यवहाराचा इंग्रजी शब्दही येतो. रोजनिशीखेरीज पत्रे होती. महत्त्वाचे पत्र रवाना करण्यापूर्वी त्याचा मसुदा किंवा नक्कल ते आपल्यापाशी ठेवीत. हे पत्र फिलाडेल्फियाहून जहाजाने लंडनला जाई. तेथे सेंट जेम्सच्या राजवाड्यातील जर्मन प्रार्थनामंदिराचे उपदेशक त्सीगेनहागेन ते घेत आणि पुढे हाल्लेस पाठवीत. जहाज बुडाले, शत्रूने पकडले किंवा युद्धामुळे मार्ग बंद झाला, तर महिनेच्या महिने खबर मिळत नसे. म्हणून महत्त्वाच्या मजकुराच्या एकाहून अधिक प्रती करून वेगवेगळ्या जहाजांनी धाडण्याचा प्रघात त्या काळी सर्वत्र होता.

या व्यवस्थेचा एक परिणाम कोणाच्या फारसा ध्यानात आलेला नसेल. परंतु घराण्याचे दप्तर त्यामुळेच वाचले. माणसाने लिहिलेले पत्र त्याच्या घरी राहत नाही; ते ज्याला लिहिले त्याच्या घरी राहते. घरी उरतात ती त्याला आलेली उत्तरे. म्हणून कोणत्याही घराण्याचा पत्रव्यवहार स्वभावतःच दोन ठिकाणी वाटलेला असतो, आणि दोन्ही टोके जुळल्यावाचून संवाद पुरता ऐकू येत नाही. म्यूलेनबर्ग यांच्या बाबतीत एक टोक फिलाडेल्फियात राहिले. त्यांच्या रोजनिशीच्या वह्या आणि पुष्कळसे कागद मिनिस्टेरियमच्या दप्तरात गेले व तेथून लुथरपंथीयांच्या अभिलेखागारात आले. दुसरे टोक हाल्लेत राहिले. म्यूलेनबर्ग यांनी उतारवयात आपल्या पूर्वायुष्याची हकीकत लिहिली. तिची प्रत अमेरिकेतून नव्हे तर हाल्लेच्या दप्तरातून बाहेर आली आणि १८८१ साली ॲलनटाउन येथे छापली गेली.

हाल्लेचे हे दप्तर केवळ अमेरिकेपुरते नव्हते. १७०६ साली त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूट्शाऊ हे दोघे हाल्लेच्या परंपरेतील धर्मोपदेशक डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने तरंगंबाडी येथे उतरले होते. त्यांची व त्यांच्यामागून आलेल्यांची पत्रेही लंडन किंवा कोपनहेगन या मार्गे हाल्लेसच जात. क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे १७५० साली तरंगंबाडीस आले व पुढे तंजावरास राहिले. तंजावरचे तुळजाजी राजे यांचा त्यांच्यावर विश्वास होता. राजांचे दत्तक पुत्र सरफोजी यांच्या बाळपणी सांभाळाची आणि शिक्षणाची मोठी जबाबदारी श्वार्ट्झ यांच्याकडे आली. श्वार्ट्झ यांच्या पत्रांत तंजावरच्या दरबाराची पुष्कळ हकीकत आहे. येणेप्रमाणे पेन्सिल्व्हानियातील एका जर्मन कुटुंबाची सुखदुःखे आणि कावेरीकाठच्या मराठी राजकुळाच्या वारसाची चिंता ही दोन्ही एकाच लंडनच्या टेबलावरून जाऊन एकाच दप्तरखान्यात विसावली. जगाच्या दोन टोकांना असलेल्या या कागदांमध्ये नाते आहे ते घराण्याचे नव्हे, तर त्यांना सांभाळणाऱ्या हाताचे.

मात्र दप्तरात कागद पोचणे आणि तो जसाच्या तसा लोकांपुढे येणे, यांत अंतर असते. हाल्लेच्या संस्थेने १७४४ पासून पेन्सिल्व्हानियाहून आलेले वृत्तान्त पुस्तिकांच्या रूपाने छापण्यास आरंभ केला. जर्मनीतील सधन व श्रद्धाळू लोकांनी ते वाचावेत आणि दूरच्या मंडळ्यांसाठी मदत पाठवावी, हा त्यामागील हेतू होता. हेतू वाईट नव्हता. पण त्याने निवड ठरविली. संपादकांनी मजकूर आखडता घेतला, माणसांची नावे पुष्कळदा गाळली आणि देणगीदारांना रुचणार नाही असे काही बाजूस ठेवले. जो वाचक केवळ हे छापील वृत्तान्त पाहील, त्याला कामाची निष्ठा दिसेल. परंतु थकवा, पैशांची ओढाताण, सहकाऱ्यांतील मतभेद आणि घरातील काळज्या तितक्या दिसणार नाहीत. म्हणूनच छापील पुस्तक हाती आले म्हणजे मूळ कागदाचे काम संपले, असे मानणे धोक्याचे असते. छापलेली प्रत ही मूळ कागदाची साक्ष आहे. त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

मूळ पत्रांनी किती निराळे चित्र उभे राहते, याचे एक उदाहरण मुलांच्या शिक्षणाचे आहे. १७६३ साली म्यूलेनबर्ग यांनी आपले तिघे मुलगे समुद्रापार हाल्लेस पाठविले. थोरला पीटर सोळा वर्षांचा, मधला फ्रेडरिक तेरा वर्षांचा आणि धाकटा गोटहिल्फ हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता. आपण जेथे घडलो तेथेच मुले घडावीत, एवढीच बापाची इच्छा. धाकटे दोघे शिकले आणि १७७० साली धर्मोपदेशक होऊन परतले. थोरल्याचे मन शाळेत रमेना. औषधांचा व्यवसाय शिकावा म्हणून त्याला ल्यूबेकच्या एका व्यापाऱ्याकडे करार करून ठेवण्यात आले. तेथे त्याच्या वाट्याला आले ते बहुतांशी किराणा दुकानातील काम. अखेर तो तेथून निघून गेला, इंग्रजांच्या एका पलटणीत दाखल झाला आणि तिच्याबरोबर १७६७ साली अमेरिकेस परतला. या प्रकरणाच्या पत्रांत एक बाप दिसतो. ज्या थोर माणसांवर त्याची श्रद्धा, त्यांनीच मुलाची व्यवस्था लावलेली, मुलगा दुःखी, आणि दोघांमध्ये महासागर. कोणाला दोष द्यावा हे त्याला कळत नाही, आणि कोणालाही न दुखविता लिहिण्याची त्याची धडपड ओळीओळीतून जाणवते. देणगीदारांसाठी काढलेल्या पुस्तिकेत असल्या प्रकरणाला जागा कशी मिळणार?

यानंतर दहाच वर्षांच्या आत अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि ते या घरातूनच आडवे गेले. वडील जन्माने हॅनोव्हरचे. हॅनोव्हरचा अधिपती तोच इंग्लंडचा राजा. त्या राजाशी निष्ठेची भावना त्यांच्या मनात होती. थोरला पीटर हा तोवर व्हर्जिनिया प्रांतात वुडस्टॉक येथे धर्मोपदेशक झाला होता. १७७६ च्या आरंभी त्याने वसाहतवाल्यांच्या फौजेत एका पलटणीचे नेतृत्व पत्करले. मधला भाऊ फ्रेडरिक न्यूयॉर्कमध्ये उपदेशक होता. धर्मोपदेशकाने तलवार हाती घ्यावी हे त्याला पटले नाही आणि त्याने थोरल्या भावाला तसे स्पष्ट लिहिले. पीटरनेही तितकेच स्पष्ट उत्तर दिले. पुढे इंग्रज फौज न्यूयॉर्कवर चालून आल्यावर फ्रेडरिकला ते शहर सोडावे लागले, आणि काही वर्षांत तोही उपदेशकाचे काम सोडून राजकारणात पडला. सप्टेंबर १७७७ मध्ये ट्रॅपचे प्रार्थनामंदिर सैनिकांनी भरून गेले. ज्या वेदीपाशी उभे राहून उपदेश करावयाचा, तेथे खाण्यापिण्याचे सामान पसरलेले पाहून वृद्ध म्यूलेनबर्ग यांच्या मनाला काय वाटले, ते त्यांच्या रोजनिशीत आहे.

पीटरविषयी अमेरिकेत एक आख्यायिका फार लोकप्रिय आहे. निरोपाचे प्रवचन संपताच त्याने व्यासपीठावरच आपला पायघोळ झगा उतरविला आणि आत अंगावर सैनिकी गणवेश दिसला, अशी ती कथा. आज ती सांगितली जाते त्या रूपात घरोघर पोचली ती १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या पीटरच्या चरित्रामुळे. त्याचा लेखक धाकट्या भावाचा नातू होता. वॉशिंग्टनच्या संसदभवनात १८८९ साली पेन्सिल्व्हानियाने ठेवलेला पीटरचा संगमरवरी पुतळाही झगा उतरवीत असल्याच्याच पवित्र्यात आहे. परंतु १७७६ साली त्या घटनेच्या वेळी लिहिलेल्या कोणत्याही कागदात हा प्रसंग आढळत नाही. आढळतो तो दोघा भावांचा पत्रसंवाद. एका बाजूस कर्तव्य काय आणि दुसऱ्या बाजूस काय, याची वाटाघाट त्यात आहे. झगा आणि गणवेश यांचा तमाशा नाही. पुतळ्यासाठी कथा सोयीची आहे, हे खरे. पण माणूस समजून घ्यावयाचा तर पत्रेच वाचली पाहिजेत. एका घरातील दोन प्रामाणिक माणसांना एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी दिसली, हे त्या पत्रांवाचून कळले नसते.

दुसरी आख्यायिका फ्रेडरिकच्या नावावर आहे. १७८९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती होण्याचा मान त्याला मिळाला. जर्मन ही अमेरिकेची राजभाषा व्हावयाची होती, पण या जर्मन सभापतीच्याच एका मताने ती संधी हुकली, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. १८४७ साली फ्रान्झ ल्योहर या जर्मन लेखकाच्या ग्रंथाने या समजुतीला बळ दिले. वस्तुस्थिती फार साधी आहे. व्हर्जिनियातील काही जर्मनांनी कायद्यांची जर्मन भाषांतरे प्रसिद्ध करावीत असा अर्ज केला होता. १३ जानेवारी १७९५ रोजी त्यावरील चर्चा पुढे चालू ठेवण्यासाठी सभा तहकूब करावी अशी सूचना आली आणि ती ४१ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळली गेली. राजभाषेचा प्रश्नच मतास आला नव्हता. ही गोष्ट उलगडली ती सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदींवरून. घराण्याचे कागद कितीही मोलाचे असोत, ते सरकारी दप्तराशी ताडून पाहावे लागतात आणि घराण्याच्या अभिमानापेक्षा कागदाला अधिक मान द्यावा लागतो, हा या दोन्ही आख्यायिकांचा धडा.

धाकट्या गोटहिल्फ हेन्रीचे कागद निराळ्या प्रकारचे. इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतल्यावर त्याला खेड्यात आश्रय घ्यावा लागला. त्या सक्तीच्या मोकळ्या वेळात तो वनस्पतींकडे वळला आणि पुढे लॅंकेस्टर येथे उपदेशकाचे काम सांभाळून त्याने त्या परिसरातील हजाराहून अधिक वनस्पतींची नोंद केली. १७८७ साली स्थापन झालेल्या फ्रॅंकलिन कॉलेजचा तो पहिला अध्यक्ष. एका गवताच्या जातीला त्याचे नाव आहे आणि एका लहानशा कासवालाही. त्याने वाळविलेल्या वनस्पती व टिपणे फिलाडेल्फियातील विद्वत्संस्थांत राहिली. परंतु कितीतरी नमुने त्याने जर्मनीतील विल्डेनो आदी शास्त्रज्ञांना पाठविले होते. १९४३ च्या मार्चमध्ये बर्लिनवर झालेल्या बॉंबवर्षावात तेथील वनस्पतिसंग्रहाचा फार मोठा भाग जळून गेला. विल्डेनोचा संग्रह मात्र वेगळा ठेवल्यामुळे बचावला. सर्व ठेवा एका ठिकाणी नसावा, हे शहाणपण माणसाला पुष्कळदा अशा राखेतून शिकावे लागते.

इतके कागद मागे राहिले. पण ते वाचणार कोण, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या पिढीतच उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात पेन्सिल्व्हानियातील अनेक मंडळ्यांत जर्मनच्या जागी इंग्रजी आली. घराण्यात मंत्री, वकील, प्राध्यापक निपजले. १८६७ साली ॲलनटाउनच्या विद्यालयाला म्यूलेनबर्ग यांचे नाव मिळाले तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष त्यांचाच पणतू होता. परंतु पणजोबांचे हस्ताक्षर वाचणे हे आता विद्वानाचे काम झाले होते. त्या काळचे जर्मन हस्ताक्षर आजच्या रोमन वळणाहून अगदी निराळे. अक्षरे टोकदार, एकात एक गुंतलेली. खुद्द जर्मनीतही १९४१ साली सरकारी हुकमाने ते जुने वळण शाळांतून काढून टाकण्यात आले. त्यामुळे तेथील पुष्कळ लोकांना आपल्या आजीची पत्रे आज वाचता येत नाहीत.

हे दप्तर बोलते राहिले ते काही चिकाटीच्या माणसांमुळे. १८८६ साली मान, श्मुकर आणि गेरमान या तिघांनी हाल्लेचे छापील वृत्तान्त मुळाशी ताडून, टिपा देऊन पुन्हा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. यांतील विल्हेल्म गेरमान हे काही वर्षे मद्रासकडे राहून आलेले होते आणि १८७० साली त्यांनीच तंजावरच्या श्वार्ट्झ यांचे चरित्र लिहिले होते. एकाच दप्तरखान्यातील दोन रुमाल, एक अमेरिकेचा आणि एक हिंदुस्थानचा, एकाच अभ्यासकाने सोडले होते. त्यानंतर टॅपर्ट आणि डोबरस्टाइन या दोन अमेरिकन पंडितांनी रोजनिशीचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. म्यूलेनबर्ग अमेरिकेत उतरले त्याला १९४२ साली दोनशे वर्षे झाली, त्या वर्षी पहिला खंड निघाला. तिसरा व शेवटचा निघावयास १९५८ साल उजाडले. १९८६ पासून कुर्ट आलांट यांच्या संपादकत्वाखाली मूळ जर्मन पत्रव्यवहाराचे पाच खंड प्रसिद्ध होऊ लागले. पाचवा २००२ साली आला. आलांट हे पूर्वी हाल्लेच्याच विद्यापीठात प्राध्यापक होते आणि १९५८ साली पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेकडे गेले होते. लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी त्याची पत्रे साधार, सटीप आणि पूर्ण स्वरूपात वाचकाच्या हाती आली.

या दीर्घ काळात हाल्लेच्या संस्थेवरही संकटे कोसळली. १९४५ च्या हवाई हल्ल्यात तिच्या काही इमारती पडल्या. १९४६ साली नव्या राजवटीने तिचे स्वतंत्र अस्तित्व संपवून ती विद्यापीठात विलीन केली. पुढील दशकांत जुनी घरे मोडकळीस आली. तरी दप्तर आणि १७२८ सालचे ग्रंथालय टिकले. जर्मनी पुन्हा एक झाल्यावर संस्था पुनरुज्जीवित झाली, इमारती दुरुस्त झाल्या, आणि तिच्या संग्रहातील पुष्कळ कागदांच्या प्रतिमा आता जगात कोठूनही पाहता येतात. अमेरिकेतही ट्रॅप येथील म्यूलेनबर्ग यांचे घर स्थानिक इतिहासमंडळाने जतन केले आहे. घर आणि कागद एकमेकांना अर्थ देतात. परंतु घर पडले तरी कागदावरून ते पुन्हा उभारता येते, कागद गेला तर घराच्या भिंती फारसे काही सांगू शकत नाहीत.

कागद राखण्याचे तंत्र अवघड नाही. त्याला सातत्य मात्र हवे. अठराव्या शतकातील कागद चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने चिवट असतो. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्यापासून बनलेला स्वस्त कागद त्यातील आम्लाने पिवळा पडतो व मोडतो. म्हणून पणजोबांचे पत्र धडधाकट आणि वडिलांचे वर्तमानपत्र चुरा झालेले, असे दृश्य घरोघर दिसते. जुन्या शाईत लोहाचा अंश असे. ती दमट हवेत कागदाला खाऊ लागते. तेव्हा थंड, कोरडी, एकसारखी हवा आणि अंधार, ही पहिली गरज. टाचण्या काढाव्यात, चिकटपट्टी कधीही लावू नये. कागद ज्या क्रमाने व ज्या गाठोड्यात सापडले तो क्रम नोंदविल्यावाचून मोडू नये, कारण क्रमातही माहिती असते. पाकिटे, टपालाच्या खुणा, समासातील शेरे, हिशेबाचे चिटोरे यांना कचरा समजू नये. कोण कोणाचा कोण, हे जाणणारे वडीलधारे माणूस हयात असताना त्याच्याकडून नावे लिहून घ्यावीत. आणि घराला जड जाते म्हणून एखादे पत्र फाडू नये. हवे तर काही वर्षे ते कोणाला दाखवू नये. म्यूलेनबर्ग यांच्या छापील वृत्तान्तांतून गाळलेला मजकूर पुढे मिळू शकला, याचे कारण तो छापला नव्हता, पण जाळलाही नव्हता.

आता पुन्हा तंजावरकडे वळावे. श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजी राजे पुढे विद्येचे मोठे चाहते झाले. त्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही नावाजलेले आहे. १८०३ साली त्यांनी आपल्या भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात दगडावर मराठीत कोरविला. मराठी मुलखापासून इतक्या दूर राहणाऱ्या घराण्याला आपली हकीकत आपल्या भाषेत टिकावी असे वाटले, आणि दगड हे सर्वांत भरवशाचे साधन म्हणून त्यांनी ते निवडले. शिलालेख टिकला. परंतु तंजावरच्या दरबाराचा नित्याचा व्यवहार कळतो तो मोडी कागदांच्या रुमालांतून. आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेल्यापासून ते रुमाल वाचू शकणारी माणसे मोजकीच उरली आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या घरांच्या पेट्यांतून जे कागद आहेत, त्यांचीही अवस्था याहून फारशी निराळी नाही.

पेन्सिल्व्हानियाच्या जर्मनांपाशी एक सुदैव होते. त्यांच्या पत्रांचे दुसरे टोक धरून बसलेली एक संस्था हाल्लेत होती, आणि दर दोन पिढ्यांनी कोणीतरी ते हस्ताक्षर शिकून पुन्हा कागदाजवळ बसत गेला. सर्वच घराण्यांना तसे दप्तर लाभत नाही. ज्यांना लाभत नाही त्यांनी ते दुसरे टोक स्वतः निर्माण करावे लागते. एक नक्कल घरी राहावी, एक जवळच्या ग्रंथालयात किंवा इतिहासमंडळात जावी, आणि घरातील एका तरी मुलाने ती लिपी शिकावी. सोळा वर्षांच्या पीटरने ल्यूबेकच्या दुकानात काय सोसले, हे अडीचशे वर्षांनंतरही जगाला कळते, ते एवढ्याशा तजविजीमुळे. आपल्या पेटीतल्या एखाद्या रुमालातही असाच कोणी सोळा वर्षांचा मुलगा घरी पत्र लिहीत बसलेला असेल. त्याचे पत्र घरापर्यंत पोचले आहे. ते वाचले जावयाचे तेवढे राहिले आहे.